टेबलावर एकच डबा

काकांसमोर कुणी 'अंदाजे' म्हटलं तर त्यांना चालायचं. 'सुमारे' चालायचं, 'साधारण'ही चालायचं. 'जवळजवळ बरोबर' म्हटलं की मात्र ते चष्मा काढून समोरच्याकडे असे बघायचे, की त्याचं पुढचं वाक्य घशातच राहायचं. "एक तर मोजलंय म्हण, नाहीतर मोजलं नाही म्हण," ते म्हणायचे. "मधल्या जागेत माणसं मरतात."

हे ते चहातल्या साखरेबद्दलही म्हणायचे. त्यामुळे कुणी ते मनावर घ्यायचं नाही. मीही घेत नव्हतो.

कतारमधलं अल वक्रा मागे टाकलं, घरं संपली आणि नुसती वाळू नि विजेचे खांब उरले, की आमचा नेमबाजीचा क्लब लागतो. मी तिथे इलेक्ट्रॉनिक टार्गेटं सांभाळतो. गोळी कुठे लागली हे नेमबाजाला पुढ्यातल्या स्क्रीनवर दिसतं. ते दिसत राहावं, एवढंच माझं काम. काकांची खोली माझ्या वर्कशॉपला लागून. त्या खोलीत बसून ते हाताने काडतुसं भरायचे. रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. सांगायला इतकंच. फॅक्टरीतून तयार काडतुसं मिळतातच, वाईटही नसतात. पण लांबच्या टार्गेटवर खेळणाऱ्याला प्रत्येक काडतूस आधीच्याचं जुळं भावंड असावं लागतं. दारूत दोन-चार दाण्यांचा फरक पडला तरी दूरवर गोळी वर-खाली लागते आणि नेमबाज स्वतःच्या हाताला शिव्या देत बसतो.

काका मूळचे संगमनेरचे, घराणं सोनाराचं. कारखान्यातून आलेला माणूस वजन ग्रॅममध्ये सांगतो, नेमबाज ग्रेनमध्ये सांगतात, आणि काका आमच्याशी बोलताना सरळ गुंजेवर यायचे. "ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. माझे वडील याच्याहून कमीला गिऱ्हाइकाशी भांडायचे." सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं मी एकदा त्यांना चिडवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण तुझ्या आजीनं पाटल्या कुणाकडून केल्या होत्या?"

विनय हा गुण देवाकडून त्यांना द्यायचाच राहून गेला होता. आपण बी.एस्सी. फिजिक्स, तेही फर्स्ट क्लास, हे ओळख झाल्या झाल्या सांगून टाकायचे. पुढे एका सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून वर्षानुवर्षं काढली होती, आणि तिथल्या साहेबांना आपण कसं रडवलं त्याच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या. त्या गोष्टींत ते कधीच चुकलेले नसायचे. बायको आधीच गेली होती, मुलगा पुण्यात होता. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या भाज्या तोलण्यापेक्षा बरं, म्हणून इकडे आले, असं ते स्वतःच सांगायचे. क्लबातले अरब त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. आम्ही मराठी मंडळी काका म्हणायचो.

क्लबाचा युनिफॉर्म म्हणजे चकचकीत पॉलिस्टरचा टी-शर्ट, छातीवर क्लबचं चिन्ह. काका तो घालून यायचे आणि खोलीच्या दाराशी आले की काढून खुंटीला लावायचे. आत काम करायचे ते पांढऱ्या सुती बंडीत. बंडी संगमनेरहून शिवून आणलेली, खिसा नसलेली. मॅनेजर जॉर्डनचा, कपड्यांच्या बाबतीत फार टापटिपीचा. त्याने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तो दारातच थबकला. काकांनी त्याला आत घेतलं, पॉलिस्टरचा टी-शर्ट दोनदा खसाखसा घासला आणि दारू मोजायच्या वजनकाट्याच्या जवळ धरला. काट्यावरचा आकडा नाचायला लागला. इथल्या कोरड्या हवेत कपड्यात वीज साठते, ती काट्याला हलवते, आणि दाणेही ताटलीला चिकटून बसतात. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, पण पाहुणे येतील तेव्हा शर्ट घाला. काका म्हणाले, "पाहुणे येतील तेव्हा मी वजनच करणार नाही."

त्याहून मोठा ताप होता तो एसीचा. वजन करताना एसीचा झोत काट्यावर येतो, म्हणून ते एसी बंद करायचे. ऑगस्टमध्ये. कतारमध्ये. माझ्या वर्कशॉपचा आणि त्यांच्या खोलीचा एसी एकच, त्यामुळे त्यांनी बटण दाबलं की इकडे मीही उकडून निघायचो. मी भांडलो. मॅनेजरकडे तक्रारही केली. काका शांतपणे म्हणायचे, "तू घामाघूम झालास तर तुला टॉवेल आहे. काट्याला वारा लागला तर त्याला काय आहे?" एकदा मी चिडून म्हणालो, "काका, माणसापेक्षा काटा मोठा का?" ते म्हणाले, "माणूस खोटं बोलून वेळ निभावून नेतो. काट्याला ती सोय नाही."

त्यांचा सगळ्यात जाच करणारा नियम होता बोलण्याचा. दारू मोजायला बसले की दारावर लाल दिवा लागायचा. दिवा चालू असताना कुणी आत आलं किंवा नुसती हाक मारली, तरी काका हातातली पुंगळी खाली ठेवायचे आणि समोरच्या ट्रेमध्ये भरून झालेल्या सगळ्या पुंगळ्यांमधली दारू परत डब्यात ओतायचे. शेवटचीच नव्हे, सगळ्या. मग पहिल्यापासून सुरुवात. एकदा मॅनेजर खरंच पाहुणे घेऊन घुसला, चांगले वजनदार पाहुणे. 'आमचे उस्ताद' म्हणून त्याने हात पुढे केला. काकांनी मान लववली, सलाम केला आणि त्या सगळ्यांच्या देखत एकेक पुंगळी उचलून रिकामी करायला लागले. पाहुण्यांना वाटलं हीच पद्धत असते, ते कौतुकाने बघत राहिले. मॅनेजरने दबक्या आवाजात विचारलं, काय झालं? काका म्हणाले, "नथिंग. यू केम."

मी नंतर त्यांना विचारलं होतं, की एवढं सगळं ओतून काय मिळतं? कुठपर्यंत आला होतात ते तर माहीत असतंच ना?

"माहीत आहे असं वाटतं," ते म्हणाले. "वाटणं आणि माहीत असणं यात मधली जागा असते."

पण याच माणसाला 'इन्शाल्ला' हा शब्द भारी आवडायचा. इथे नवीन आलेला प्रत्येक हिंदुस्थानी त्या शब्दावर वैतागतो. प्लंबर उद्या येईल, इन्शाल्ला. म्हणजे कधी, ते अल्ला जाणे. काका उलट म्हणायचे, "फार शास्त्रशुद्ध शब्द आहे. माणूस आपली चूक किती असू शकते ते आधीच सांगून मोकळा होतो. आपल्याकडे उद्या नक्की म्हणतात आणि येत नाहीत."

मी राहतो बिन महमूदला, काका अल हिलालला एका व्हिलातल्या खोलीत. सकाळी जाताना मी त्यांना गाडीत घ्यायचो. शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला असायचे. माझ्या बायकोला त्यांचं जेवण म्हणजे परीक्षा वाटायची. पहिल्याच शुक्रवारी तिने विचारलं, "काका, आमटीत मीठ बरोबर आहे ना?"

काकांनी घास थांबवला. "सूनबाई, मला आवडली. बरोबर आहे की नाही, ते मी कसं सांगू? बरोबर म्हणजे किती, ते आधी तुम्ही ठरवायला पाहिजे."

बायको आत जाऊन मला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी यांना तराजूच वाढते." पण ते जिभेने कसेही असले तरी दोनदा आमटी मागून घ्यायचे, आणि स्वतः खिचडी करायचे तेव्हा मुठीने तांदूळ आणि चिमटीने मीठ टाकायचे. मी पकडलं त्यांना एकदा. "आता कुठे गेला काटा?" ते म्हणाले, "हा अंदाज आहे, आणि मी त्याला अंदाजच म्हणतोय. यात खोटं काय?"

माझ्या मुलीशी त्यांचं चांगलं जमायचं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. काका मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिला शाळेत स्वतःची उंची लिहून न्यायची होती. काकांनी तिला भिंतीशी उभं केलं आणि तीनदा मोजली. तिन्ही वेळा उत्तर थोडं थोडं वेगळं आलं. ती वैतागली. "बट विच वन इज राइट, आजोबा?"

"तिन्ही."

"दॅट्स सिली!"

"तू श्वास घेतेस ना? मग तूच जागेवर नाहीस, उंची कशी जागेवर राहील?" तिने शाळेत तिन्ही आकडे लिहून नेले. टीचरने दोन खोडले. काकांना हे कळलं तेव्हा ते टीचरला भेटायला निघाले होते, आम्ही त्यांना कसंबसं बसवलं.

हे सगळं गमतीचं. आता नासरबद्दल सांगायला हवं.

नासर क्लबाचा सगळ्यात चांगला लांब पल्ल्याचा नेमबाज. इथलाच, कतारी, तिशी उलटलेला, नोकरी ऑफिसातली, स्वभाव अबोल. कतारच्या संघाच्या निवड चाचणीत मागच्या खेपेला त्याची जागा थोडक्यात हुकली होती. या खेपेला तो वर्षभर दुसरं काही बोलला नव्हता. काडतुसं काकांचीच वापरायचा. बाकीचे नेमबाज काडतूस हातात घेऊन फिरवून बघतात, नखाने खरवडतात, एकमेकांना दाखवतात. नासर डब्यातून काढायचा, घालायचा आणि गाल रायफलीला टेकवायचा. त्या पुंगळीच्या आत जे भरलंय ते त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर फुटणार असतं, पण तो बघायचासुद्धा नाही. काकांना मी हे एकदा म्हटलं. ते खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्याने बघायला पाहिजे. त्याला सांगितलं पाहिजे."

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझ्या वर्कशॉपमध्ये आले आणि न विचारता स्टुलावर बसले. बंडीतच होते. बंडीत ते खोलीबाहेर कधी येत नसत.

"एक गोष्ट विचारतो," ते म्हणाले. "मी जेवून परत आलो तेव्हा तू मला बघितलंस का? मी कपाट कितीदा उघडलं?"

मी म्हटलं, मला कसं दिसणार, मध्ये भिंत आहे.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या कपाटात दारूचे दोन डबे असायचे. एक नासरच्या मोठ्या रायफलीचा. दुसरा सरावाच्या छोट्या काडतुसांचा. ती दारू बारीक आणि फार चटकन पेटणारी. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा त्यांचा पहिला नियम, आणि जगातल्या प्रत्येक काडतूस भरणाऱ्याचाही. कारण बारीक दारू चुकून मोठ्या काडतुसात गेली तर रायफल गोळी पुढे फेकत नाही, स्वतःच फुटते. काका प्रत्येक डबा बंद करताना झाकणाचे आटे कापडाने पुसायचे. आता कपाटाला कुलूप लावताना त्यांना दुसऱ्या डब्याच्या आट्यांत एक बारीक दाणा अडकलेला दिसला होता. त्या डब्याचं आज काही कामच नव्हतं.

"म्हणजे तो आज उघडला गेला," ते म्हणाले.

"कालचा असेल दाणा."

"काल पुसलं होतं." मग, "पुसलं होतं असं वाटतंय."

नासरच्या काडतुसांची शेवटची ओळ त्यांनी जेवणानंतर भरली होती. भरताना हाताशी कुठला डबा होता ते त्यांना आठवत नव्हतं. दारूचा रंग, दाण्याचा आकार, काहीच आठवत नव्हतं. रोज दिसतं ते दिसलं असणार, एवढंच. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बसलो ते आठवतंय. उठलो ते आठवतंय."

मी म्हटलं, मग शेवटची ओळ बाजूला काढा, तेवढी फोडून बघू.

त्यावर त्यांनी मान खाली घातली. काकांनी मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. दुसरा कुणी असता तर ओळ जशीच्या तशी डब्यात गेली असती. पण काकांनी काडतुसं तयार झाल्यावर प्रत्येकाची लांबी मापून, सारख्या लांबीची सारख्यांबरोबर अशी ती सगळी नव्याने लावली होती. नासरसाठी खास, इतर कुणासाठी करत नसत. आता कुठलं काडतूस कुठल्या ओळीतलं, हे सांगायला काही उरलं नव्हतं. इतकं बारीक मोजलं, की त्यातून हवी होती तीच गोष्ट नाहीशी झाली.

मॅनेजरला बोलावलं. त्याला आधी कळेना, मग कळलं आणि त्याचा पारा चढला. एका दाण्यावरून? उद्या चाचणी आहे! तो म्हणाला, काट्यावर ठेवून बघा, ज्याचं वजन वेगळं ते काढून टाका.

"वजन बरोबरच असणार," काका म्हणाले. "माझं वजन चुकत नाही. पण कशाचं वजन केलं, ते काटा सांगत नाही." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि मॅनेजरला ते उर्मट वाटलं. तसं ते होतंही थोडं.

मग मॅनेजर म्हणाला, बरं, फोडा, आणि संध्याकाळपर्यंत नवीन भरा. काका म्हणाले, मी भरणार नाही. का? "ज्याच्यावर शंका आहे त्यालाच परत बसवायचं?" क्लबात दुसरं कुणी भरणारं नव्हतं. म्हणजे नासरला उद्या फॅक्टरीच्या काडतुसांवर खेळावं लागणार, हे तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही कळलं. मॅनेजरने त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं, की असं झालं तर तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की खोली गेली. हे काकांना कुणी समजावायची गरज नव्हती. ते म्हणाले, "नासरला मी सांगतो."

नासर रेंजवरच होता. मीही बरोबर गेलो. काका त्याच्याशी नेहमी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायचे, तो गल्फच्या हिंदीत उत्तर द्यायचा.

"नासर, कल मेरा काडतूस नहीं चलाना। मैं सब तोड़ रहा हूँ।"

नासर हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"खराब है?"

"मालूम नहीं।"

"मालूम नहीं तो तोड़ता क्यों?"

"मालूम नहीं, इसलिए।"

त्याने रायफल पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि गाडीकडे चालायला लागला. मला काकांचा फार राग आला. खरंच आला. एका माणसाचं वर्ष आपल्या एका दाण्यापायी पाण्यात घालवायचं आणि वर दोन शब्द गोडही बोलायचे नाहीत!

पण फोडायला मी मदत केली. गोळी उपसायला एक प्लॅस्टिकची हातोडी असते. तिच्या पोटात काडतूस अडकवायचं, ठोका मारायचा, की गोळी आणि दारू आतच सुटून पडतात. काकांनी पांढरी ताटली पुढे ठेवली. नासरची दारू बारीक मोडलेल्या शेवयांसारखी दिसते, दुसरी खसखशीसारखी. चूक असलीच तर लहान मुलालाही दिसेल. मी ठोकत होतो, ते ओतून बघत होते. शेवया. शेवया. परत शेवया. मॅनेजर दारात हाताची घडी घालून उभा. एकेक काडतूस बरोबर निघत गेलं तशी त्याची हनुवटी वर वर जात गेली, आणि मला मात्र हलकं हलकं वाटायला लागलं.

शेवटचंही बरोबर निघालं. खसखस कुठेच नव्हती. मॅनेजर "खलास" म्हणाला आणि निघून गेला.

मी म्हटलं, "काका, सुटलो!"

ते ताटलीकडे बघत होते. "सुटलो कुठे? खसखस निघाली असती तर हाताची चूक असती. हात सुधारता येतो."

मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही. घरी जाताना गाडीत कळलं. गेल्या काही महिन्यांत मी बघितलेल्या आणि हसून सोडून दिलेल्या गोष्टी एकेक समोर यायला लागल्या. शुक्रवारी सकाळी युनिफॉर्म घालून ते खाली गाडीची वाट बघत उभे होते, आणि मी सुट्टी आहे म्हटल्यावर माझ्यावरच डाफरले होते. बायकोला एकाच जेवणात दोनदा विचारलं होतं, की तुमचं माहेर कुठलं. मला वाटलं होतं, वय झालं. काकांनाही तेच वाटलं असणार. वाटलंच असणार.

दुसऱ्या दिवशी नासर फॅक्टरीच्या काडतुसांवर खेळला. वाईट नाही खेळला. लांबच्या टार्गेटवर त्याच्या गोळ्या एकावर एक न बसता उभ्या रेषेत पसरत गेल्या. स्क्रीन माझीच होती, मी प्रत्येक गोळी बघितली. निवड दुसऱ्याची झाली.

संध्याकाळी तो वर्कशॉपमध्ये आला. काका बसायचे त्याच स्टुलावर बसला.

"तोड़ा, तो क्या निकला?"

"सब सही था," मी म्हटलं.

"सब?"

"सब।"

बराच वेळ तो बूट वाळूवर घासावा तसा फरशीवर घासत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद को मालूम था, मैं हारेगा?"

"हाँ।"

"उसका नौकरी जाएगा, वो भी मालूम था?"

"हाँ।"

तो उठला आणि गेला. काकांना भेटायला गेला नाही, पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेला असावा. कारण नोकरीचा विषय मॅनेजरने परत काढला नाही. कतारी सभासदाच्या शब्दाला क्लबात वजन असतं. काकांनी मात्र स्वतःच राजीनामा दिला. मॅनेजरला कारण काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला म्हणाले, "शंका आलेला काटा टेबलावर ठेवत नाहीत. त्याचा आकडा बरोबर येत असला तरी." नासरने निरोप पाठवला, की भरायला हात दुसऱ्याचे चालतील, तुम्ही नुसतं शेजारी बसा. काका म्हणाले, "आणि तो चुकतोय हे बघताना मीच विसरलो तर?"

जायच्या आधी शेवटच्या शुक्रवारी ते जेवायला आले. बायकोने पुरणपोळी केली होती. मुलीने विचारलं, "आजोबा, आर यू सिक?" आम्ही दोघं गडबडलो. काका म्हणाले, "मोजून घ्यायला चाललोय पुण्याला. मग कळवतो." मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "अरे, एसी लाव आता, मनसोक्त." मला रडू आलं. गाडीत बसून बराच वेळ आलं.

पुण्यातल्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आजार सुरू झालेला आहे, हळू आहे, गोळ्या आहेत. फोनवर काका आजही बहुतेक वेळा ठीक बोलतात.

क्लबाने नवा माणूस आणला. तरणा, हुशार, शिकून आलेला. त्याच्याकडे दारू आपोआप मोजून टाकणारं यंत्र आहे, लाल दिव्याची भानगड नाही, एसीही चालू असतो. काम स्वच्छ करतो. मॅनेजर खूश आहे. मीही खूश असायला हरकत नव्हती.

नासर पहिल्यांदा त्याच्याकडे काडतुसं घ्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. त्या पोराने डबा पुढे सरकवला. नासरने एक काडतूस उचललं, हातात फिरवून बघितलं. मग विचारलं, "तुम कभी पूरा लॉट तोड़ा?"

"नेव्हर, सर," पोरगा अभिमानाने म्हणाला. "आज तक एक भी नहीं। कभी ज़रूरत ही नहीं पड़ी।"

नासरने मान डोलावली. काडतूस जागेवर ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, "शुक्रन" म्हणाला आणि डबा तिथेच ठेवून बाहेर पडला. स्टोअरमधून फॅक्टरीच्या काडतुसांचं खोकं घेतलं. तो सगळा मोसम तो त्याच्यावरच खेळला.

हे मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटत होतं. त्यांनी आधी नासरचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मी सांगितलं. "हां, नासर," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, त्या पोराकडूनच घे. पोरगं वाईट नसणार. त्याला अजून स्वतःची शंका आलेली नाही, एवढंच. येईल तेव्हा तोही तोडेल."

मी म्हटलं, "आणि नाही तोडलं तर?"

"म्हणून तर सांगतोय," काका म्हणाले, "की नासरने बघायला पाहिजे."